धरण बांधण्याआधी खडकवासल्यात त्याची छोटी प्रतिकृती का करतात?

पुण्याहून सिंहगडाकडे जाताना खडकवासला धरणाजवळ एक मोठं सरकारी आवार लागतं. अनेकजण रोज तिथून जातात, पण आत चक्क छोट्या नद्या, धरणं आणि बंदरं आहेत हे फार थोड्यांना माहीत असतं. ही आहे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था, म्हणजेच सीडब्ल्यूपीआरएस.

सुरुवात कशी झाली?

१९१६ साली तत्कालीन मुंबई इलाख्याने सिंचनाच्या प्रश्नांसाठी एक खास विभाग सुरू केला. त्यातूनच ही संस्था उभी राहिली. आज ती केंद्राच्या जलशक्ती मंत्रालयाखाली काम करते.

इथे नेमकं काय करतात?

सांडव्यावरून कोसळणारं पाणी पायथ्याचा खडक उखडेल का? पुलाच्या खांबांभोवती खड्डा पडेल का? बंदरात गाळ साचेल का? बांधकामानंतर हे कळलं तर उशीर झालेला असतो. म्हणून आधी प्रतिकृतीत पाणी सोडून बघतात.

गणित सोपं आहे. समजा, प्रतिकृती १०० पट लहान आहे. तर तिच्यातल्या पाण्याचा वेग १० पट कमी ठेवावा लागतो आणि नदीतले १० तास तिथे एका तासात उरकतात. विसर्ग मात्र तब्बल १ लाख पट कमी होतो. म्हणजे नदीतल्या १ लाख क्युसेकसाठी इथे १ क्युसेक, सेकंदाला साधारण २८ लिटर पाणी पुरतं.

मग अडचण कुठे येते?

वाळूत. वाळूचा कण १०० पट लहान केला तर तो वाळू राहतच नाही, चिकट गाळासारखा वागू लागतो. म्हणून अशा प्रयोगांत कोळशाच्या भुकटीसारखे हलके पदार्थही वापरतात.

कॉम्प्युटर असताना हे कशाला?

लांबच लांब नदीत पूर कसा पुढे सरकेल, हे कॉम्प्युटरवरचं गणिती मॉडेल चांगलं सांगतं. पण सांडव्याखाली हवा आणि पाणी एकत्र घुसळतात, तिथे प्रत्यक्ष प्रयोगाचा आधार लागतो. त्यामुळे दोन्ही पद्धती वापरल्या जातात.

धरण फुटलं की काय होतं, हे पुण्याने १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या वेळी भोगलंय. आणि एक गोष्ट कुठलंच मॉडेल स्वतःहून सांगत नाही: किती मोठा पूर गृहीत धरायचा? तो आकडा माणसांनाच ठरवावा लागतो. तोच कमी धरला, तर प्रयोग यशस्वी होऊनही धरण धोक्यात येऊ शकतं.