सहनिवासी जोडीदारांतील मालमत्ताविवाद

विवाह न करता एकत्र राहणाऱ्या स्त्रीपुरुषांनी सहवासकाळात संपादिलेल्या स्थावर मिळकतीची मालकी, संबंध तुटल्यावर वा एकाच्या निधनानंतर, कोणाची मानावी याविषयीचा दिवाणी वाद. ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील वळ या गावी, जेथे भातखाचरांच्या जागी गोदामांचे गाळे उभे राहून जमिनीस मोल आले, तेथे असा वाद उद्भवल्यास त्याचे मूळ बहुधा एकाच गोष्टीत सापडेल : पैसा दोघांचा, खरेदीखत एकाच्या नावे.

मुंबई इलाख्यात हिंदू विधीने ‘अवरुद्ध स्त्री’स, म्हणजे एकाच पुरुषाशी अखेरपर्यंत एकनिष्ठ राहिलेल्या सहचारिणीस, त्याच्या मागे उरलेल्या मिळकतीतून अन्नवस्त्राचा हक्क दिला होता व 1926 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो उचलून धरला, 1956 च्या दत्तक व निर्वाह अधिनियमातील आश्रितांच्या यादीत मात्र तिला स्थान उरले नाही. मालकीपुरता आधार होता तो समन्यायतत्त्वावर रचलेल्या 1882 च्या न्यास अधिनियमाच्या कलम 82 चा. त्यानुसार किंमत एकाने देऊन दस्त दुसऱ्याच्या नावे झाला आणि देणाऱ्याचा दानाचा हेतू नसला, तर नावधारी हा त्याचा केवळ विश्वस्त ठरे. पैसा कोठून आला, ताबा व मूळ दस्तऐवज कोणाकडे, उभयतांचे नाते व पुढील वर्तन काय, या कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये सांगितल्या. 1988 च्या बेनामी व्यवहार अधिनियमाने दुसऱ्याच्या नावे केलेल्या अशा खरेदीस बंदी घातली व कलम 82 रद्द केले. या बंदीस नात्याचा अपवाद पत्नी व अविवाहित कन्या यांच्यापुरता होता. 2016 च्या दुरुस्तीतही पती, पत्नी, अपत्ये आली, अविवाहित जोडीदार आला नाही. हा भेद कठोर आहे, कारण विश्वासाने दुसऱ्याच्या हाती पैसा सोपविणारी व्यक्ती येथे कायदा मोडणाऱ्याच्या पंक्तीस बसते. इंग्लंडमध्ये 2007 व 2011 च्या निर्णयांनी संयुक्त नावावरील घराचे हिस्से उभयतांच्या एकूण वर्तनावरून ठरविण्यास वाव दिला, तसा वाव भारतात नाही.

दस्तात दोघांची नावे असल्यास मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम 45 लागते : किंमत ज्या प्रमाणात दिली त्या प्रमाणात हिस्सा, पुरावा नसल्यास समसमान. घरकामाचे श्रम किंमत म्हणून मोजले जात नाहीत. सातबाऱ्यावरील फेरफार किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मधील नोंद महसूल व घरपट्टीपुरती असते, तीतून मालकी निर्माण होत नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार अधिनियमाने विवाहसदृश संबंधातील स्त्रीस सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, पण तो निवासाचा आहे. जेथे संसार झालाच नाही त्या गोदामाच्या गाळ्यास तो लागू होत नाही.