‘महामारी’ म्हणजे कोणती सांथ?

वऱ्हाडांत अचलपूर, चांदूर बाजार या बाजूचीं जुनीं दप्तरें पाहणारांस ‘महामारी’ हा शब्द नवा नाहीं. मरीमायचीं ठाणींही त्या प्रांतीं ठिकठिकाणीं आहेत. परंतु हा शब्द दिसतांच ‘प्लेग’ अशी टीप देऊन पुढें जाण्याची जी संवय संशोधकांस, आम्हांसुद्धां, जडली आहे ती सोडली पाहिजे. पटकीसही हेंच नांव देत. गांव उजाड कां पडला याचा विचार करितांना पटकी विहिरीकडे बोट दाखविते, प्लेग धान्याच्या पेवांकडे व उंदरांकडे. टीप चुकली कीं सारा निष्कर्ष चुकला.

निर्णय नांवावरून न करितां लक्षणांवरून करावा. लक्षणें भरंवशाचीं कां, हें आतां जंतुशास्त्रानें उलगडलें आहे.

पटकीचा जंतु आंतड्यांत राहून आपलें विष बाहेर सोडतो. त्या विषाचा एक भाग पेशीस चिकटतो, दुसरा आंत शिरतो, आणि क्षार व पाणी यांचा लोट बाहेर वाहूं लागतो. कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनीं १९५९ सालीं सशांच्या आंतड्यांवर प्रयोग करून हें विष सिद्ध केलें. म्हणून पटकीच्या वर्णनांत जुलाब, ओकारी व हातापायांस वांब येतात.

प्लेगच्या जंतूची तऱ्हा निराळी. हा जंतु येर्सिन यांनीं १८९४ सालीं हाँगकाँग येथें शोधला. त्याच्या अंगावर सुईसारख्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. त्यांतून तो आपलीं प्रथिनें रोग्याच्या पेशींत, मुख्यतः जंतु गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींत, थेट टोंचतो. एक प्रथिन गिळण्याची क्रिया थांबवितें, दुसरें धोक्याची सूचना दाबून टाकतें. हें टोंचणें १९९४ सालीं प्रयोगानें दिसून आलें. पिसवेच्या थंड देहांत ही यंत्रणा निजलेली असते. मनुष्याच्या अंगची ऊब लागतांच जागी होते. पहारेकरीच निकामी झाल्यावर जंतु जांघेंतील वा काखेंतील ग्रंथींत बेसुमार वाढतो. तीच ती गांठ.

जहांगीर बादशहानें आपल्या आत्मवृत्तांत आग्र्याच्या सांथीविषयीं गांठी तर लिहिल्याच, शिवाय झिंगल्यासारखा डोलणारा उंदीर व त्याला धरून आजारी पडलेलें मांजरही नमूद केलें आहे. इतकी स्पष्ट साक्ष क्वचितच मिळते.

मात्र फुप्फुसाच्या प्लेगांत गांठ नसतेही. तेव्हां गांठीचा उल्लेख नाहीं एवढ्यावरून प्लेग नव्हता असें ठरवूं नये. संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, अशा पत्रांच्या नकला करितांना दुखण्याच्या ओळी किरकोळ समजून गाळूं नयेत.