पान, निखारे आणि पार्चमेंट पेपर

२०२० च्या लॉकडाऊनपासून आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना घरी कुकीज भाजायचं वेड लागलंय. ट्रेवर पार्चमेंट पेपर पसरायचा, त्यावर पिठाचे गोळे ठेवायचे आणि बारा-पंधरा मिनिटं ओव्हनच्या काचेतून बघत बसायचं. हा कागद नक्की आला कुठून, ते शोधायला मी एका शनिवारी बसलो आणि फ्रान्स-इंग्लंडमार्गे थेट मालवणला, आमच्या आजीच्या चुलीपाशी येऊन पोचलो.

आधी कागदाबद्दल. पार्चमेंट म्हणजे मुळात चर्मपत्र, जनावराचं कातडं ताणून-घासून केलेलं. हे नाव पर्गमम या शहरावरून पडलं (आज तुर्कस्तानातलं बर्गामा). कुकीजखालच्या कागदात कातडं नावालाही नसतं. १८४० च्या दशकात पुमारेद आणि फिगिये या फ्रेंच मंडळींच्या लक्षात आलं की साधा कागद गंधकाम्लात क्षणभर बुडवून लगेच धुतला, तर तो चर्मपत्रासारखा चिवट होतो. पुढच्या दशकात इंग्लंडमध्ये विल्यम गेन यांनी ही पद्धत उत्पादनाच्या पातळीवर आणली. ॲसिडमुळे कागदाच्या तंतूंचा पृष्ठभाग किंचित विरघळतो, तंतू एकमेकांना चिकटतात आणि मधली भोकं बुजतात. मग तूप-लोणी आरपार जात नाही. लोणी गुंडाळायला असले कागद वापरायचे, म्हणून आपल्याकडे ‘बटर पेपर’ हे नाव. विसाव्या शतकात त्यावर सिलिकोनचा थर आला आणि कागद ओव्हनमध्ये साधारण २२० अंशांपर्यंत टिकायला लागला. (आपल्याकडे बटर पेपर म्हणून मिळणारा प्रत्येक कागद ओव्हनचा नसतो. पाकीट वाचून घ्या.)

आता मालवण. पावसाळ्यात तवशी लागली की सिंधुदुर्गातल्या घरांमध्ये धोंडस होतं. किसलेलं तवसं, तांदळाचा रवा, गूळ, खोबरं. कोणी याला तवसळी म्हणतं. शहरी भाषेत सांगायचं तर काकडीचा केक. ओव्हन नाही, तरी भाजायचा. मग टोपाच्या तळाला केळीचं किंवा हळदीचं पान, त्यावर मिश्रण, वर झाकण, चुलीत मंद विस्तव आणि झाकणावर निखारे. खालून आणि वरून उष्णता, म्हणजे झालाच की ओव्हन! शेजारच्या गोव्यात बिबिंका याच तत्त्वावर, वरून निखारे देऊन, थरावर थर भाजतात. मुंबईच्या पाठारे प्रभूंचं भानोळंही त्याच जातीचं.

“खाली पान घाल, नायतर टोपाक लागतला,” ही आजीची सूचना म्हणजे पार्चमेंट पेपरचं अख्खं युजर मॅन्युअल. गूळ आणि तांदळाची पेज तापलेल्या धातूला घट्ट धरतात, म्हणून मध्ये न चिकटणारा थर हवा. केळीच्या पानावर निसर्गतःच मेणाचा पातळ लेप असतो, त्यामुळे पाणी त्यावर मोत्यासारखं घरंगळतं. पण मेण तर उष्णतेने वितळतं, मग पान टिकतं कसं? पानात पाणी असतं, आणि ते संपेपर्यंत पानाचं तापमान शंभर अंशांच्या फार वर जात नाही. शेवटी तळाशी पान जरा करपतं, तोच तो वास. हळदीचं पान आपला सुगंधही देतं. पातोळ्या हळदीच्याच पानात का, याचं उत्तर हेच.

आणि हो, प्रत्येक भाजलेल्या पदार्थाला थर लागतोच असं नाही. नानकटाईत तूप इतकं असतं की ती सहसा ट्रे धरत नाही. कुकीजना कागद लागतो तो मुख्यतः साखर वितळून तळाला चिकटू नये आणि बूड लवकर करपू नये म्हणून. तिथे पान चालणार नाही. पानातल्या वाफेने कुकी मऊ पडेल, कुरकुरीत होणार नाही. थोडक्यात, कागद पानापेक्षा ‘प्रगत’ वगैरे नाही. दोघांची कामं वेगळी.

मला खटकलं ते वेगळंच. कागदाच्या इतिहासात नावं आहेत, दशकं आहेत, कारखाने आहेत. पानाच्या इतिहासात काहीच नाही. पहिलं पान टोपात कोणी घातलं? कुठल्या तरी बाईनेच घातलं असणार, आणि तिने पेटंट घेतलं नाही. ते ज्ञान सासूकडून सुनेकडे तोंडी गेलं, आणि तोंडी गेलेलं एका पिढीत गळूनही पडू शकतं.

ते गळतंयच. गॅस आला आणि निखारे गेले. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर तर चूल आणखी मागे पडली. यात रडण्यासारखं काही नाही हं. त्या निखाऱ्यांची किंमत बायकांनी डोळ्यांनी आणि फुफ्फुसांनी मोजली आहे. चुलीवरच्या चवीचे गोडवे गाणारे आम्ही पुरुष त्या धुरात कधी बसलो नाही. चूल गेली ते उत्तमच. पण चुलीबरोबर पानही जायला हवं, असं थोडंच आहे?

केकच्या टिनला तूप लावून तळाला शेकून मऊ केलेलं पान घाला आणि धोंडस १८० अंशांवर सुरीला चिकटेनासं होईपर्यंत भाजा. झकास होतं. कुकीजना मात्र कागदच वापरा.

आणि एक काम करा. पुढच्या वेळी गावी फोन कराल तेव्हा तवसं किती, गूळ किती, पान कोणतं, हे विचारून लिहून ठेवा. खाली सांगणारीचं नाव आणि तारीख टाका. इतक्या वर्षांनी निदान एक तरी नोंद होईल.