रुपयाचा प्रश्न, परराष्ट्र धोरण आणि गरिबाची चूल

आपल्या विहाराच्या स्मरणिकेत चवदार तळे, काळाराम मंदिर, धर्मांतर यांवर लेख येतात, आणि ते यायलाच पाहिजेत. पण बाबासाहेब हे अर्थशास्त्राचे डॉक्टर होते, देशाचा पैसा आणि देशाचे परराष्ट्र धोरण या दोन्हींवर ते अधिकाराने बोलले, ही गोष्ट आपल्या घराघरांत अजून पोचलेली नाही. म्हणून यंदा आम्ही हा विषय घेतला आहे.

कुणी म्हणेल, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात नागली-वरई पिकवणाऱ्याला, नाहीतर आमच्यासारख्या गिरणीत साच्यावर उभे राहणाऱ्याला या गोष्टींशी काय देणेघेणे? देणेघेणे आहे, ते असे. दिवाळी झाली की आपल्या भागातली कुटुंबे वीटभट्टीवर जातात. उचल आधीच घेतलेली असते, मजुरी ठरून गेलेली असते. पुढे तांदूळ-तेल महागले, तर मजुरीचा आकडा तोच राहतो, पण त्यात येणारा शिधा कमी होतो. मजुरी कुणी कापली नाही, तरी ती कापली गेली! हे कसे होते, ते बाबासाहेबांनी उलगडून दाखवले.

इंग्रजांच्या राज्यात जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते, आणि शेजारचा मोखाडा ठाणे जिल्ह्यात, खालसा मुलखात होता. इकडे राजा, तिकडे कलेक्टर. पण परदेशाशी तह करण्याचा अधिकार राजालाही नव्हता. आणि रुपयाचा भाव ना जव्हारला ठरत होता, ना ठाण्याला. त्याची सूत्रे लंडनला, भारतमंत्र्याच्या कचेरीत होती.

त्याच लंडनमध्ये १९२३ साली बाबासाहेबांचा ‘रुपयाचा प्रश्न’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. याच प्रबंधावर त्यांना लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. पदवी मिळाली. सरकारला हवे तितके रुपये काढायची मोकळीक असली की रुपयाची खरेदीची ताकद घटते, महागाई होते. म्हणून रुपये काढण्यावर पक्की मर्यादा घाला, असे त्यांचे म्हणणे.

तेव्हा एक मोठा वाद चालला होता. रुपया १ शिलिंग ६ पेन्सचा की १ शिलिंग ४ पेन्सचा? पहिल्या भावाने एका पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै पडत, दुसऱ्या भावाने १५ रुपये. मुंबईच्या गिरणीमालकांना रुपया स्वस्त हवा होता, कारण रुपया स्वस्त झाला की विलायती कापड महाग पडते आणि यांचा माल खपतो. डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे बाबासाहेबांची साक्ष झाली. स्वस्त रुपयाने व्यापारी-मालकांचा नफा वाढतो हे त्यांनी नाकारले नाही. पण हा नफा परदेशातून येत नाही, तो मजुराच्या खिशातून येतो, असे त्यांनी दाखवले. कारण भाव आधी चढतात, मजुरी मागून रखडत येते. गिरणी कामगाराच्या बाजूने हा हिशेब इतका स्वच्छ कुणी मांडला होता?

१९२७ साली सरकारने १ शिलिंग ६ पेन्सचा भाव कायद्याने पक्का केला. तो मजुरांच्या कळवळ्याने नव्हे. विलायतेला पाठवायच्या रकमेला रुपये कमी लागावेत, हाही त्यात हिशेब होता. त्याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली. १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली, १ जानेवारी १९४९ ला ती सरकारी झाली. बाबासाहेबांनी एकट्यानेच ही बँक काढली असे काही भाषणांत सांगतात. एवढे ताणायची गरज नाही. ग्रंथ आणि साक्ष, दोन्ही छापील आहेत, ती पुरेशी आहेत.

आता परराष्ट्र धोरणाकडे येऊ. १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिलाचे कारण आपल्याला ठाऊक आहे. पण त्या निवेदनात परराष्ट्र धोरणही होते. ३५० कोटींच्या वार्षिक महसुलातले सुमारे १८० कोटी लष्करावर जातात, कारण आपल्याला मित्र उरले नाहीत, असे त्यांनी बजावले. म्हणजे परदेशाशी वाकडे आले की त्याचा खर्च शाळा-दवाखान्याच्या पैशातून निघतो. १९५४ साली चीनशी पंचशील करार झाला, तेव्हाही राज्यसभेत त्यांनी विचारले की माओला पंचशीलाची खरी चाड असती, तर त्याने आपल्या देशातल्या बौद्धांना असे वागवले असते का? पुढे १९६२ ला काय झाले ते सर्वांना माहीत आहे.

पैसा आणि परराष्ट्र या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच. १९६५ चे युद्ध, दुष्काळ, अमेरिकेच्या गव्हावरची मदार, जागतिक बँकेचा दबाव, आणि ६ जून १९६६ ला ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. १९९०-९१ ला आखातात युद्ध पेटले, तेल महागले, गंगाजळी आटली. मग रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने परदेशात गहाण गेले आणि जुलै १९९१ मध्ये रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले. २०२२ साली इंडोनेशियाने काही आठवडे पामतेलाची निर्यात बंद केली, तर त्याची धग मोखाड्याच्या दुकानापर्यंत पोचतेच.

संविधानाच्या सातव्या अनुसूचीत परराष्ट्र व्यवहार, चलन आणि रिझर्व्ह बँक हे तिन्ही विषय केंद्राच्या सूचीत आहेत. तिथे ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, मुंबईचे मंत्रालय, कुणाचेच चालत नाही. २०१६ पासून व्याजाचा दर सहा जणांची समिती ठरवते. तिघे बँकेचे, तिघे केंद्राने नेमलेले. महागाई ४ टक्के, फार तर २ ते ६ च्या मध्ये ठेवायची, हे उद्दिष्ट केंद्र सरकार बँकेशी विचारविनिमय करून ठरवते. म्हणून जाब विचारायचा तो आपल्या खासदाराला. मत मागायला येतो तेव्हा रस्ता-नळ विचारतोच, सोबत महागाईही विचारा.

विहाराच्या वाचनालयात ‘रुपयाचा प्रश्न’ असावा आणि शिकल्यासवरल्या मुलांनी तो मोठ्यांना समजावून सांगावा, अशी आमची विनंती आहे. आणि मुकादमाशी मजुरी ठरवताना नुसता आकडा विचारू नका, त्यात किती पायली तांदूळ येणार ते आधी मोजा.

जयभीम!