न थांबणारी आकडी: कोणते औषध, आणि किती लवकर?

अपस्माराची, म्हणजे फेफऱ्याची, बहुतेक आकडी एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते. रुग्ण थोडा वेळ गुंगीत राहतो आणि हळूहळू भानावर येतो. काही वेळा मात्र आकडी थांबतच नाही, किंवा रुग्ण शुद्धीवर येण्याआधीच पुढची सुरू होते. या अवस्थेला ‘स्टेटस एपिलेप्टिकस’ म्हणतात. तान्ह्या बाळापासून वृद्धापर्यंत कोणालाही ती येऊ शकते आणि ती जिवावर बेतू शकते. लहान मुलांमध्ये ताप, मोठ्यांमध्ये गोळ्या अचानक बंद करणे आणि वृद्धांमध्ये पक्षाघात ही तिची नेहमी आढळणारी कारणे आहेत.

पाच मिनिटेच का?

इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या संघटनेने २०१५ मध्ये या अवस्थेची नवी व्याख्या केली. संपूर्ण शरीराला झटके देणाऱ्या आकडीसाठी तिने दोन वेळा ठरवल्या. पाच मिनिटांनंतर आकडी आपोआप थांबण्याची शक्यता कमी होते, म्हणून तेव्हा उपचार सुरू करायचे. तीस मिनिटांनंतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो.

घाईचे आणखी एक कारण आहे. मिडाझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम ही पहिल्या पायरीची औषधे मेंदूतील ‘गाबा’ या शांत करणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवतात. आकडी लांबत जाते तसे गाबाचे ग्राही पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. त्यामुळे उशिरा दिलेले तेच औषध कमी काम करते.

रुग्णवाहिकेतील चाचणी

शिरेतून दिलेले औषध लवकर काम करते. पण झटके येणाऱ्या रुग्णाची शीर सापडणे अवघड असते. अमेरिकेतील ‘रॅम्पार्ट’ या चाचणीत स्नायूत दिलेले मिडाझोलाम आणि शिरेतून दिलेले लोराझेपाम यांची तुलना झाली. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात मुले आणि मोठे दोघेही होते. प्रत्येकाला दोन्ही मार्गांनी इंजेक्शन दिले गेले, पण त्यांतल्या एकातच खरे औषध होते. रुग्णालयात पोहोचेपर्यंत मिडाझोलाम गटातील सुमारे ७३ टक्के आणि लोराझेपाम गटातील सुमारे ६३ टक्के रुग्णांची आकडी थांबली होती. शरीरात गेल्यावर लोराझेपामच जलद काम करत होते. मिडाझोलाम सरस ठरले ते लवकर देता आल्यामुळे.

दुसरी पायरी

पहिल्या औषधाने आकडी थांबली नाही तर काय द्यावे, याबद्दल अनेक वर्षे ठोस पुरावा नव्हता. ‘एसेट’ या अमेरिकी चाचणीत दोन वर्षांवरील मुले, प्रौढ आणि वृद्ध अशा ३८४ रुग्णांना लेव्हेटिरासिटाम, फॉसफेनिटॉइन किंवा व्हॅलप्रोएट यांपैकी एक औषध दिले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार यशाचे प्रमाण अनुक्रमे ४७, ४५ आणि ४६ टक्के होते, म्हणजे जवळजवळ सारखेच. त्याच वर्षी ब्रिटनमधील ‘एक्लिप्स’ आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील ‘कॉन्सेप्ट’ या मुलांवरील चाचण्यांतही लेव्हेटिरासिटाम फेनिटॉइनपेक्षा सरस ठरले नाही.

त्यामुळे आता डॉक्टर रुग्ण पाहून निवड करू शकतात. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर फेनिटॉइन टाळतात; यकृताचा आजार किंवा गर्भारपण असेल तर व्हॅलप्रोएट टाळतात. पण निम्म्याहून अधिक रुग्णांना एकाच औषधाने आराम पडला नाही, हेही एसेटने दाखवले. शिवाय अनेकांना पहिल्या पायरीचे औषध शिफारशीपेक्षा कमी मात्रेत मिळाले होते.

संमती कोणाची घ्यायची?

बेशुद्ध रुग्ण संमती देऊ शकत नाही आणि नातेवाइकांना समजावत बसायला वेळ नसतो. अमेरिकेत अशा संशोधनासाठी विशेष नियम आहेत. त्यांनुसार आधी स्थानिक लोकांशी चर्चा करून चाचणीची जाहीर माहिती द्यावी लागते. एक्लिप्समध्ये उपचार आधी करून पालकांची संमती नंतर मागितली गेली.

घरच्यांनी काय करावे?

आकडी सुरू होताच घड्याळ पाहावे. रुग्णाला कुशीवर वळवावे, आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात. तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवून आकडी थांबत नाही. त्यात वेळ मात्र जातो. आपल्याकडे नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतो. तो घरी असेल तर केव्हा आणि किती मारायचा, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. आकडी पाच मिनिटांपुढे गेली, लगेच दुसरी आली किंवा ती आयुष्यातली पहिलीच असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.