माणसं किती, आणि सोय किती लांब?



मागच्या महिन्यात वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली आणि मग गप्पा सुरू झाल्या. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला वेळेवर गाडी मिळत नाही, हा विषय निघाला. एक ताई म्हणाली, "काय करणार, लोकसंख्याच एवढी वाढलीय. सरकार तरी कुठं कुठं पुरं पडणार?" भिंतीला टेकून बसलेल्या आजी हसल्या. म्हणाल्या, "अगं, वाढलीय कुठं? आमच्या वाडीत बारमाही चूल पेटते ती सात घरांत. बाकीच्या दारांना कुलपं."

दोघींचंही म्हणणं डोक्यात घेऊन मी घरी आले आणि जनगणनेचे आकडे काढून बसले. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

जनगणनेत एक शब्द येतो, लोकसंख्येची घनता. एक किलोमीटर लांब आणि एक किलोमीटर रुंद असा जमिनीचा तुकडा धरला, तर त्यावर सरासरी किती माणसं राहतात, ती घनता. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची घनता ३६५ होती आणि पुणे जिल्ह्याची ६०३. भोर तालुक्याची साधारण २१० येते. आणि वेल्हे, ज्याला आता आपण राजगड तालुका म्हणतो, त्याची साधारण ११०. २००१ मध्ये वेल्ह्यात सुमारे छप्पन्न हजार माणसं होती, २०११ मध्ये साडेचोपन्न हजार. म्हणजे कमी झाली. त्याच दहा वर्षांत पुणे जिल्हा मात्र ७२ लाखांवरून ९४ लाखांवर गेला.

आता विचार करा. गर्दीमुळंच जगणं कठीण होत असेल, तर अख्ख्या जिल्ह्यात सगळ्यात सुखी आपण असायला हवं. तसं आहे का? नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. मग असं का झालं, ते समजायला थोडं मागं जावं लागेल.

साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी आपल्या मावळात उलटी अडचण होती. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, त्यात पुणे परगणा लढायांनी उद्ध्वस्त झाला. गावं ओस पडली, शेतात रान माजलं, लांडगे वाढले. शिवाजी महाराजांच्या लहानपणी दादोजी कोंडदेवांनी या मुलखाची वसाहत पुन्हा केली, ती कशी, हे बखरींत सांगितलंय. लांडगे मारणाऱ्याला बक्षीस दिलं. जमीन कसायला येईल त्याला पहिल्या वर्षी नावापुरता सारा लावला आणि पुढं दरवर्षी थोडा थोडा वाढवला. तेव्हा जमीन मुबलक होती, कसायला माणूस नव्हता. तोरणा आणि राजगडाच्या पायथ्याची गावं अशी माणसं बोलावून, त्यांना सवलत देऊन पुन्हा उभी राहिली. त्या काळी माणूस हे ओझं नव्हतं, माणूस ही दौलत होती.

आणि माणसं टिकतही नव्हती. पटकी, देवी, प्लेग, दुष्काळ, एकामागून एक. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली, तिला आपल्याकडं मानमोडी म्हणत. तिनं हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं नेली. त्यामुळं १९११ पेक्षा १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या कमी भरली. त्या काळी जन्मलेल्या मुलाचं सरासरी आयुष्य जेमतेम वीस-बावीस वर्षं होतं. म्हणजे सगळे विशीत मरत होते असं नाही. पाळण्यातली आणि रांगती मुलं इतकी जात, की सरासरी तेवढी खाली यायची. आठ-नऊ बाळंतपणं सोसलेल्या बाईच्या पदरात दोन-तीन मुलं उरायची. तेव्हा माणसं थोडी होती, पण म्हणून बाईचं जगणं सुखाचं होतं असं कोण म्हणेल?

१९२१ नंतर लोकसंख्या वाढत गेली. लोक अचानक जास्त मुलं जन्माला घालायला लागले म्हणून नव्हे, तर जन्मलेली मुलं जगायला लागली म्हणून. लस आली, साथी आटोक्यात आल्या, दुष्काळात धान्य पोचायला लागलं. १९५१ मध्ये देशात ३६ कोटी माणसं होती, २०११ मध्ये १२१ कोटी. या वाढीत आपल्या आज्या-पणज्यांची वाचलेली लेकरं आहेत.

मग आपल्या भागातली माणसं गेली कुठं? पहिली गोष्ट धरणांची. भोर संस्थानच्या काळातच, १८९० च्या सुमारास, भाटघरला वेळवंडी नदीवर पहिलं धरण झालं. पुढं १९२० च्या दशकात त्याच्याच खाली मोठं धरण बांधलं गेलं. त्यांचं पाणी नीरेच्या कालव्यांतून खालच्या सपाटीच्या तालुक्यांत गेलं. स्वातंत्र्यानंतर आंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव, नीरेवर नीरा देवघर, कानंदीवर गुंजवणी. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पुण्यात हाहाकार झाला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. धरणात आधी काय बुडलं, त्याची आठवण कमी निघते. बुडाली ती खोऱ्यातली भाताची खाचरं. डोंगराळ मुलखात सपाट आणि गाळाची जमीन नदीकाठालाच असते. ती गेल्यावर काही घरं पुनर्वसनात दुसरीकडं गेली, काही वर डोंगराला सरकली, जिथं नाचणी-वरई पिकते पण वर्ष निघत नाही.

म्हणून नकाशावरचं आमचं क्षेत्रफळ बघून "इथं केवढी मोकळी जागा आहे" असं म्हणू नका. त्यात पाणी आहे, जंगल आहे, कडे आहेत. पोट भरेल अशी जमीन त्यातली थोडी. घनतेचा आकडा हे सांगत नाही.

दुसरी गोष्ट मुंबईची. गिरण्या निघाल्या तशी मावळातली, कोकणातली, घाटावरची पुरुषमाणसं तिकडं गेली. गिरणगावात एकेका खोलीत पंधरा-वीस गडी, पाळीपाळीनं झोपायचे. एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच जागी आडवी व्हायची. इकडं बाई शेत, गुरं, सासू-सासरे आणि लेकरं सांभाळून मनीऑर्डरची वाट बघायची. तिकडं जागा नव्हती, इकडं हात नव्हते. घर एकच, पण दोन ठिकाणी फाटलेलं.

पण गर्दीनं काही दिलंही. त्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. एवढी गिऱ्हाइकं एका चाळीत मिळाली म्हणूनच त्यांच्या चुलीवर पैसा उभा राहिला. सावकाराच्या व्याजानं त्या पिचत होत्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपल्या बचत गटांची ही थोरली बहीणच म्हणा. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप झाला, गिरण्या हळूहळू संपल्या. मग आपल्या लोकांची वाट पुण्याकडं वळली. कात्रज, धायरी, नऱ्हे इथल्या दहा बाय दहाच्या खोल्यांत आज आपलीच पोरं आहेत. आणि ते ज्या नळाचं पाणी पितात, ते पानशेत-वरसगावचंच.

दरम्यान मुलं कमी होऊ लागली. १९९२-९३ च्या पाहणीत महाराष्ट्रात एका बाईला सरासरी जवळजवळ तीन मुलं होती. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा १.७ वर आला. आई-बाप दोघांची जागा भरून निघायला साधारण २.१ लागतात, म्हणजे आपण त्याच्याही खाली आलो. हे धाकानं झालं नाही. १९७६ मध्ये आणीबाणीत महाराष्ट्रानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, पण त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, आणि जबरदस्तीच्या शिबिरांनी लोकांच्या मनात भीती तेवढी बसली. मुलं कमी झाली ती मुली शाळेत गेल्या, लग्नाचं वय वाढलं आणि झालेलं मूल जगेल असा भरवसा आला म्हणून. त्याचा भार मात्र बाईवरच पडला. महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित बायकांची शस्त्रक्रिया झालेली आहे, आणि पुरुषांत शंभरात एकही भरत नाही. तेव्हा "लोकसंख्या वाढवली कुणी" असं विचारत बोट आपल्याकडं आलं, तर हा आकडा सांगा.

आता मूळ प्रश्नाकडं येते. माणसं कमी असून आपले हाल का? कारण बहुतेक सोयी डोक्यांवर मोजून मिळतात. नियम असा, की सपाटीवर ३० हजार लोकांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात २० हजारांमागं एक. उपकेंद्र सपाटीवर ५ हजारांमागं, डोंगरात ३ हजारांमागं. ऐकायला डोंगराला सवलत दिसते. मी वहीवर हिशोब मांडला. जिल्ह्याच्या सरासरी घनतेनं ३० हजार माणसं ५० चौरस किलोमीटरमध्ये राहतात. वेल्ह्याच्या घनतेनं २० हजार माणसं पसरतात १८० चौरस किलोमीटरवर. म्हणजे सवलत धरूनसुद्धा एका केंद्राला साडेतीनपट मुलूख सांभाळावा लागतो, आणि तोही घाट, ओढे आणि धरणाचा वळसा घालून. कळा सुरू झालेल्या बाईला माणसांची संख्या नडत नाही, तिला अंतर नडतं.

गर्दी असली की हालच होतात असंही नाही. केरळची घनता २०११ मध्ये ८६० होती, आपल्या राज्याच्या दुपटीहून जास्त. तरी तिथं बाळं दगावण्याचं प्रमाण देशात फार कमी आहे, कारण जवळजवळ प्रत्येक मुलगी शिकली आणि दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर आला.

आणि विरळ वस्ती असली की इलाजच नाही, असंही नाही. गडचिरोली जिल्ह्याची घनता अवघी ७४. तिथं डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. नवजात बाळं घरातच दगावत होती आणि दवाखाना लांब होता. त्यांनी १९९५ नंतर ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास अडला तर काय करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, औषध कसं द्यायचं, हे त्या शिकल्या. तीन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ मध्ये हे जगापुढं आलं, आणि आज आपली आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करते, त्यामागं हेच काम आहे. माणसं दूरदूर राहत होती, तर सोय माणसांच्या दारात नेली.

शाळेचंही तसंच. पट कमी म्हणून शाळा टिकत नाहीत. पानशेतला आसपासच्या छोट्या शाळांची मुलं एकत्र आणून समूह शाळा सुरू झाली. तिथं मुलांना वर्गमित्र मिळाले, प्रत्येक वर्गाला शिक्षक मिळाले. पण तिचा सगळा आधार गाडीवर. गाडी रोज आणि वेळेवर आली तर शाळा चांगली, आणि चार दिवस नाही आली तर सगळ्यात आधी मुलगी घरी बसते. म्हणून एकत्र करा म्हणताना गाडीची हमी आधी मागायला हवी.

मैत्रिणींनो, २०२१ ची जनगणना करोनामुळं राहिली. आता ती २०२७ मध्ये होते आहे. पुढची कितीतरी वर्षं आपल्या सोयी त्या आकड्यांवर ठरतील. म्हणून तीन गोष्टी करा. प्रगणक येतील तेव्हा वर्षातला बहुतेक काळ गावात राहणारं एकही माणूस नोंदीवाचून राहू नये, विशेषतः एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आणि वाडीवरची धनगर-कातकरी घरं. जे पुण्यात राहतात त्यांनी तिथं नोंद करावी, दोन्हीकडं नको. दुसरं, ग्रामसंघाच्या बैठकीत आपल्या प्रत्येक वाडीपासून दवाखाना, माध्यमिक शाळा आणि गाडीचा थांबा किती किलोमीटर आणि पावसाळ्यात किती वेळ, याची यादी करा. तिसरं, ती यादी ग्रामसभेत ठराव म्हणून मांडा. पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत.

पुढच्या बैठकीला मी ही यादी त्या आजींच्या वाडीपासूनच सुरू करणार आहे. सात घरं आहेत, पण त्यातल्या एका घरी सून पाच महिन्यांची गरोदर आहे. बाळ येईल ते ऐन पावसाळ्यात.

नमस्कार.