रजोनिवृत्तीनंतरचे स्त्रीआरोग्य : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

ऋतुप्राप्ती, विवाह आणि मातृत्व या स्त्रीजीवनातील तीन टप्प्यांची दखल समाजाने, धर्माने व शासनाने आपापल्या परीने घेतलेली आहे. पाळी थांबल्यानंतरच्या आयुष्याच्या वाट्याला मात्र ही दखल फारशी आली नाही. सलग बारा महिने पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली, असे वैद्यकशास्त्र मानते. भारतीय स्त्रियांमध्ये हे वय सर्वसाधारणपणे ४६ ते ४७ वर्षांच्या आसपास आढळते. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१६-२० या कालखंडातील आयुःसारणीनुसार भारतीय स्त्रीचे जन्मवेळचे सरासरी आयुर्मान ७१.४ वर्षे होते. म्हणजेच आजची स्त्री आयुष्याचे सुमारे पाव शतक रजोनिवृत्तीनंतर जगते. या पाव शतकाला आरोग्यसेवेच्या इतिहासात स्वतंत्र स्थान का मिळाले नाही, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

अभ्यासक्षेत्र म्हणून ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही सलग शहरे निवडली आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८, अंबरनाथची २,५३,४७५ आणि कुळगाव-बदलापूरची १,७४,२२६ होती. निर्वासितांची छावणी, कारखान्यांचे गाव आणि रेल्वेच्या आधाराने वाढलेले निवासी शहर अशी ही तीन रूपे एकाच लोहमार्गावर भेटतात. विसाव्या शतकातील नागरी स्त्रीजीवनाचे प्रमुख प्रकार त्यामुळे येथे एकत्र पाहता येतात. लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

परंपरेतील नोंद

प्राचीन वैद्यकाला ही अवस्था अपरिचित नव्हती. सुश्रुतसंहितेत रजःप्रवृत्तीचा काळ बारा ते पन्नास वर्षे असा सांगितला आहे. महाराष्ट्राच्या लोकजीवनात या अवस्थेची सर्वांत ठळक खूण ऋषिपंचमीच्या व्रतात आढळते. भाद्रपद शुद्ध पंचमीला बैलाच्या श्रमाचे धान्य वर्ज्य करून ऋषीची भाजी खाण्याचे हे व्रत रजोदोषाच्या कल्पनेशी जोडलेले असून पाळी गेल्यावर त्याचे उद्यापन करण्याची प्रथा आहे. ‘बाहेर बसणे’ संपल्याने स्त्रीचा स्वयंपाकघरातील व देवघरातील वावर अखंड होई आणि घरातील अधिकारही वाढे. परंपरेने या अवस्थेला प्रतिष्ठा दिली, यात शंका नाही. परंतु ही प्रतिष्ठा विटाळातून सुटल्याची होती. रात्रीचा घाम, अंगातून येणाऱ्या गरम वाफा, निद्रानाश, सांधेदुखी, लघवीच्या तक्रारी या शारीरिक अनुभवांना तिच्यात जागा नव्हती.

पूर्वीच्या स्त्रिया या वयापर्यंत जगतच नसत, असे अनेकदा म्हटले जाते. १९४१-५१ या दशकात भारतीय स्त्रीचे जन्मवेळचे सरासरी आयुर्मान ३१.७ वर्षे होते, हे खरे आहे. तथापि ही सरासरी प्रामुख्याने बालमृत्यूंमुळे खाली आलेली होती. बालपण आणि बाळंतपणे यांतून वाचलेली स्त्री पन्नाशी ओलांडू शकत होती. रजोनिवृत्त स्त्री इतिहासात होतीच. तिच्या आरोग्याची नोंद मात्र झाली नाही.

आधुनिक वैद्यक आणि मातृत्वाची चौकट

अभ्यासक्षेत्राला लागून असलेल्या कल्याण येथे ३१ मार्च १८६५ रोजी आनंदीबाई जोशी यांचा जन्म झाला. कोवळ्या वयात झालेले त्यांचे मूल अवघे दहा दिवस जगले. १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे त्यांनी वैद्यकीय पदवी मिळविली. हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बाळंतपणात स्त्रिया मोठ्या प्रमाणावर दगावत असताना स्त्रीवैद्यकाने प्रथम प्रसूतीकडे वळणे स्वाभाविक व आवश्यक होते. मात्र प्रारंभीची ही निकड पुढे चौकट बनली, आणि स्त्रीचे आरोग्य म्हणजे मातेचे आरोग्य असे समीकरण रूढ झाले.

या समीकरणाबाहेर विचार करणाऱ्यांत र. धों. कर्वे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले व १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. स्त्रीच्या शरीराचा विचार मातृत्वापासून वेगळा करता येतो, ही भूमिका त्यांनी मराठीत उघडपणे मांडली. धोरणांपर्यंत ती पोहोचली नाही.

छावणी आणि कारखाना

दुसऱ्या महायुद्धकाळातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांना आश्रय मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचा पाया घातला गेला आणि उल्हासनगर हे नाव मिळाले. येथील इतिहासात फाळणी, पुनर्वसन, व्यापार व लघुउद्योग यांची विपुल चर्चा होते. तिशीत येथे आलेली स्त्री साधारण १९६५ च्या सुमारास रजोनिवृत्त झाली असणार. सैनिकांसाठी बांधलेल्या बराकी, सामाईक शौचालये आणि खासगीपणाचा अभाव या परिस्थितीत मूत्रमार्गाच्या तक्रारी, अनियमित अथवा अतिरिक्त रक्तस्राव तिने कसा सोसला असेल, हा प्रश्न या चर्चेत उपस्थित होत नाही. त्या पिढीतील बहुतेक स्त्रिया आज हयात नाहीत.

अंबरनाथचे औद्योगिक रूप आगपेट्यांच्या ‘विमको’ कारखान्याने व पुढे आयुध निर्माणीने घडविले. कामगार स्त्रीच्या आरोग्याची दखल घेणारा मुंबई इलाख्यातील महत्त्वाचा कायदा १९२९ चा प्रसूतिलाभ कायदा होय. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने वैद्यकीय सेवा दिली. स्त्रीसाठीचा वेगळा लाभ येथेही प्रसूतीचाच होता. उल्हासनगरात घरोघरी पापड लाटणाऱ्या व शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया तर अशा विम्याच्या कक्षेबाहेरच राहिल्या. पाटावर तासन्‌तास बसून केलेल्या या कामाचा हिशेब पन्नाशीनंतर कंबर आणि गुडघे मांडतात.

स्वातंत्र्योत्तर धोरण

१९५२ मध्ये कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू झाला. संततिनियमनाची लक्ष्ये १९९६ मध्ये रद्द होईपर्यंत आरोग्ययंत्रणेच्या दृष्टीने स्त्री ही मुख्यतः प्रजननक्षम जोडप्यातील एक घटक होती. १९९४ च्या कैरो परिषदेनंतर १९९७ मध्ये प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रम आला, तर २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. या योजनांनी अनेक माता वाचविल्या, हे निःसंशय मान्य केले पाहिजे. मात्र या योजनांच्या नावांत कुटुंब, प्रजनन अथवा जननी आहे, ही बाब बोलकी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील स्त्रियांची सविस्तर प्रश्नावलीही ४९ वर्षांपर्यंतच्याच स्त्रियांसाठी असते. जिची मोजदाद होत नाही, तिच्यासाठी तरतूद होणे अवघड असते. या दृष्टीने, ४५ वर्षांवरील व्यक्तींचा अभ्यास करणारे २०१७-१८ मधील वार्धक्यविषयक राष्ट्रीय सर्वेक्षण हे महत्त्वाचे पाऊल ठरते.

वैद्यकीय ज्ञान आणि आजची गरज

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत रजोनिवृत्तीकडे संप्रेरकाच्या अभावाचा रोग म्हणून पाहिले गेले आणि संप्रेरक उपचार सर्रास दिले जाऊ लागले. २००२ मध्ये अमेरिकेतील सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवरील संयुक्त संप्रेरकांची चाचणी स्तनकर्करोग व हृदयविकाराचा धोका दिसल्याने थांबविण्यात आली. त्यानंतर या उपचाराविषयी टोकाची भीती पसरली. पुढील विश्लेषणातून असे स्पष्ट झाले की साठीच्या आत अथवा रजोनिवृत्तीनंतरच्या दहा वर्षांत, तीव्र त्रास असणाऱ्या व प्रकृतीने योग्य अशा स्त्रीला वैद्यकीय देखरेखीखाली हा उपचार लाभदायक ठरू शकतो. सरसकट देणे आणि सरसकट नाकारणे या दोन्ही भूमिका चुकीच्या होत्या, हा या इतिहासाचा धडा आहे.

इस्ट्रोजेन कमी झाल्यावर हाडांची झीज वेगाने होते व हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून नियमित चालणे, स्नायूंना बळ देणारा व्यायाम, नाचणी, तीळ व दूध यांसारखा आहार, पुरेशी प्रथिने, ऊन, तंबाखू व मिश्रीचा त्याग आणि रक्तदाब व रक्तशर्करेची तपासणी यांना या वयात विशेष महत्त्व आहे. पाळी थांबून वर्ष झाल्यानंतर थोडाही रक्तस्राव झाल्यास तो ‘उष्णतेमुळे’ झाला असे न मानता त्वरित तपासणी करून घ्यावी. भारत सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयोगटासाठी मुख, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी अपेक्षित आहे. बदलापूरहून ६८ किलोमीटर दूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत उभ्याने प्रवास करणाऱ्या पन्नाशीतील नोकरदार स्त्रीला तपासणीसाठी वेळ मिळत नाही. रुग्णालयांच्या वेळांचा प्रश्न म्हणूनच तिच्या दृष्टीने आरोग्याचाच प्रश्न आहे.

निष्कर्ष

१. परंपरेने रजोनिवृत्त स्त्रीला प्रतिष्ठा दिली, पण तिच्या शारीरिक अनुभवाविषयी मौन पाळले. आधुनिक आरोग्यधोरणाने मातृत्वाला संरक्षण दिले. मातृत्वानंतरच्या स्त्रीबाबतचे मौन मात्र कायम राहिले.

२. उल्हासनगरची छावणी, अंबरनाथचे कारखाने आणि बदलापूरचा रेल्वेप्रवास यांनी स्त्रीच्या शरीरावर वेगवेगळे भार टाकले. स्थानिक इतिहासलेखनात त्यांचा समावेश होणे आवश्यक आहे.

३. १९५० च्या सुमारास येथे जन्मलेल्या मुली आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. त्यांच्या आठवणी हे या विषयाचे जिवंत साधन आहे. महाविद्यालयांतील इतिहास विभाग, महिला विकास कक्ष व राष्ट्रीय सेवा योजना यांनी मौखिक इतिहासाचे संकलन करताना फाळणीबरोबरच, पाळी गेली तेव्हा घरात कोणाला सांगितले, हेही त्यांना संमतीने आणि आदराने विचारावे.

४. महाविद्यालयांतील आरोग्य शिबिरांचा रोख विद्यार्थिनींच्या हिमोग्लोबिन तपासणीवर असतो. त्याच शिबिरात चाळिशीपुढील प्राध्यापिका, शिक्षकेतर कर्मचारी व सफाई कामगार स्त्रियांचा रक्तदाब मोजला, तर इतिहासातून निसटलेल्या या वयाची नोंद आपल्याच आवारातून सुरू होईल.